छर्ऱ्यांचे वजन आणि मुलांचा खांदा

नेमबाजी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रायफल आणि पिस्तूल येते. त्याला कारणही आहे. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसळे ही महाराष्ट्राने पाठ केलेली नावे कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर एकच गोळी झाडणाऱ्यांची आहेत. पण नेमबाजीचे आणखी एक घराणे आहे. त्यात लक्ष्य भिंतीवर टांगलेले नसते, ते हवेत उडत असते. बंदुकीतून एक गोळी जात नाही, शेकडो बारीक छर्रे जातात. ट्रॅप आणि स्कीट हे त्या घराण्यातले आज ऑलिंपिकमध्ये असलेले दोन प्रकार. त्या खेळाच्या काडतुसावर छापलेल्या एका आकड्याची गोष्ट मला आज सांगायची आहे. तो आकडा म्हणजे २४ ग्रॅम.

हे काडतुसातल्या छर्ऱ्यांचे वजन. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत याहून जड काडतूस चालत नाही. मोजमापातली चूकभूल धरून साडेचोवीस ग्रॅमपर्यंत माफी असते, त्यापुढे नाही. छर्रा २.६ मिलिमीटरहून जाड नसावा, असाही नियम आहे. तराजूवर २४ ग्रॅम म्हणजे दोन तोळ्यांहून किंचित अधिक शिसे. एके काळी हाच आकडा ३६ होता. मग ३२ झाला, मग २८ आणि शेवटी २४. छर्रे एक-तृतीयांश कमी झाले आणि नेमबाज वाईट न होता चांगले झाले. हे कसे घडले ते पाहिले, तर आपल्या घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती कोणते काडतूस द्यावे, या अगदी व्यवहारी प्रश्नाचेही उत्तर सापडते.

आधी बंदुकीची ओळख करून घेऊ. खेड्यापाड्यांत 'बारा बोअर' हा शब्द सर्रास ऐकू येतो, पण यातले बारा म्हणजे काय हे फार थोड्यांना ठाऊक असते. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान होणार, म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. आकडा वाढला की नळी बारीक होते, हे उलटे गणित नवख्याला पहिल्या दिवशी हमखास चकवते. ४१० नावाची जी सर्वांत बारीक बंदूक आहे, तिला मात्र हा हिशेब लागू नाही. तिचा आकडा इंचाच्या हजाराव्या भागांतला व्यास सांगतो.

बंदूक लाथ मारते, असे आपल्याकडे म्हणतात. ही लाथ का बसते, ते न्यूटनने सांगून ठेवले आहे. नळीतून जेवढा संवेग पुढे जातो, तेवढाच मागे येतो. पुढे जाणाऱ्यांत छर्रे असतात, छर्रे आणि दारू यांच्यामधली गादी असते आणि दारूचा वायूही असतो. शेवटची गोष्ट लोक विसरतात. कोकणात शेताच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुका आहेत. त्यांत काळी दारू भरतात. एकोणिसाव्या शतकात बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात तीन ड्रॅम, म्हणजे सुमारे ५.३ ग्रॅम काळी दारू लागे. आज तेवढ्याच कामाला दीड-दोन ग्रॅम धूरविरहित दारू पुरते. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने लष्करी रायफलींसाठी ही दारू यशस्वी केली आणि पुढे शिकारी व खेळाच्या काडतुसांतही तिच्या जातीची दारू रुळली. नळीतून पुढे फेकला जाणारा तीन-साडेतीन ग्रॅमचा बोजा तिथेच कमी झाला. गंमत अशी, की अमेरिकी काडतुसांच्या खोक्यांवर आजही 'अमुक ड्रॅमच्या बरोबरीचे' असे छापतात. काळी दारू गेली, तिचे माप उरले.

आता ३६ ग्रॅम आले कुठून? माझ्या मते, याचे उत्तर कबुतरांत आहे.

या खेळाचे नाव ट्रॅप पडले तेच मुळी पेटीवरून. दोरी ओढताच पेटीचे झाकण उघडे, आत कोंडलेले जिवंत कबुतर उडे आणि नेमबाजाने ते ठरावीक कुंपणाच्या आत पाडायचे. कुंपणाबाहेर जाऊन पडले तर गुण नाही. लंडनचा हर्लिंगहॅम क्लब १८६९ मध्ये याच खेळासाठी निघाला. पुढे तिथे पोलो आला, टेनिस आले, पण क्लबच्या चिन्हात कबुतर अजून आहे. माँटे कार्लोला मोठमोठ्या पैजा लागत. १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही जिवंत कबुतरांची स्पर्धा झाली. बेल्जियमच्या लिओन द लुंदनने २१ पक्षी पाडून ती जिंकली. सगळे मिळून तीनशेच्या आसपास पक्षी मेले असे सांगतात. ऑलिंपिकच्या इतिहासात मुद्दाम जिवंत प्राणी मारण्याची स्पर्धा तेवढी एकच. इंग्लंडने १९२१ मध्ये कायदा करून कोंडलेल्या पक्ष्यांवर गोळी झाडण्यास बंदी घातली.

कबुतर पाडायचे म्हणजे ते जागीच कोसळायला हवे. पंखात एखादा छर्रा घेऊन ते कुंपणापलीकडे गेले तर पैज गेली. म्हणून काडतूस जड हवे, छर्रे पुष्कळ हवेत, वेग भरपूर हवा. सव्वा औंस, म्हणजे साधारण ३५-३६ ग्रॅम छर्रे, हे त्या खेळाचे माप. पुढे कबुतर गेले, त्याच्या जागी तबकडी आली, आणि माप मात्र तसेच चालू राहिले. घरातले जाते गेले तरी जात्याची जागा कोणी बदलत नाही, त्यातला हा प्रकार.

तबकडीचा इतिहास मोठा रंजक आहे. आधी काचेचे गोळे आले. १८७०च्या दशकात अमेरिकेतला ॲडम बोगार्डस हा नेमबाज हे गोळे वर फेकणारे यंत्र घेऊन फिरे. गोळ्यांच्या आत पिसे भरलेली असत, म्हणजे गोळा फुटला की पक्षी मेल्यासारखी पिसे उडत. प्रेक्षकांना तेवढेच समाधान! पण मैदानभर काचा पडत. मग १८८०च्या सुमारास सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्कीने चपटी, गरगर फिरत जाणारी तबकडी काढली. मुले पाण्यावर शिंपले उड्या मारत जातील असे फेकत होती, ते पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा आहे. त्याच्या तबकड्या खरोखरच भाजलेल्या मातीच्या होत्या आणि इतक्या कडक होत्या की छर्रा लागूनही कधी कधी फुटत नसत. पुढे चुनखडीची भुकटी आणि डांबर यांच्या मिश्रणाने तो प्रश्न सुटला. आजची तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची आणि १०५ ग्रॅम वजनाची असते. तिला अजून 'मातीचे कबुतर' म्हणतात, जरी तिच्यात माती नाही आणि कबुतराशी संबंध नावापुरता.

इथे खेळाचा मूळ हिशेब बदलला. तबकडीला मारून पाडायचे नसते. पंचाला तिचा एक तुकडा उडालेला दिसला, की गुण मिळाला. दोन-तीन छर्रे नेमके बसले तरी काम झाले. म्हणजे जड काडतुसाची गरज संपली होती. पण हे लक्षात यायला आणि नियमात उतरायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

मधल्या काळात शहाणी माणसे नव्हती असे नाही. बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी एक सोपा दंडक सांगितला होता: बंदुकीचे वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या निदान ९६ पट असावे. ३६ ग्रॅमचे काडतूस झाडायचे तर बंदूक साडेतीन किलोची हवी, २४ ग्रॅमला दोन किलो तीनशे ग्रॅमची चालेल. हा भौतिकशास्त्राचा नियम नव्हे, खांद्याच्या अनुभवावरून काढलेला आडाखा आहे. पण इतका चांगला, की आजही बंदूकवाले तो तोंडपाठ म्हणतात. त्याच काळात ॲनी ओकली ही जेमतेम पाच फूट उंचीची अमेरिकी नेमबाज जगभर गाजत होती. १८८७ मध्ये ती लंडनला आली, तेव्हा चार्ल्स लँकेस्टर या बंदूककाराने तिच्या अंगाला बेतून बंदूक करून दिली. पुरुषांच्या मापाची बंदूक बाईच्या खांद्यावर ठेवून तिला 'झेपते का बघू' म्हणण्यापेक्षा बंदूकच तिच्या मापाची करावी, हा विचार तेव्हाही होता. तो सगळ्यांच्या वाट्याला येत नसे, इतकेच.

छर्रे कमी करण्याचा मार्ग खरा मोकळा केला तो प्लॅस्टिकने. १९६०च्या दशकापर्यंत काडतुसात लोकरी नमद्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या गाद्या असत. नळीतून जाताना बाहेरच्या बाजूचे छर्रे पोलादावर घासून चपटे होत आणि चपटा छर्रा सरळ जात नाही, तो भरकटतो. म्हणजे काडतुसातले कितीतरी छर्रे लक्ष्यापर्यंत उपयोगी पडतच नसत. मग छर्ऱ्यांना कवेत घेणारी प्लॅस्टिकची वाटी आली. शिशात अँटिमनी मिसळून छर्रे कडक केले जाऊ लागले. आता छर्रा गोल राही आणि झुबक्यात राही. जुन्या ३२ ग्रॅमच्या काडतुसाचे काम नवे २८ ग्रॅमचे करू लागले. इंग्लंडमध्ये तबकडीच्या खेळाला २८ ग्रॅमची मर्यादा आली. अमेरिकेतल्या त्यांच्या देशी ट्रॅपमध्ये मात्र सव्वाबत्तीस ग्रॅमच्या आतले, म्हणजे एक-अष्टमांश अधिक एक औंसाचे काडतूस अजून चालते.

आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकनंतर २४ ग्रॅमची मर्यादा घातली, तेव्हा पुष्कळ कुरकुर झाली. छर्रे कमी झाले की गुण घसरणार, हे सरळ वाटणारे गणित होते. १९९६ मध्ये अटलांटाला काय झाले ते पाहा. ट्रॅपमध्ये ऑस्ट्रेलियाच्या मायकेल डायमंडने १५० पैकी १४९ तबकड्या फोडल्या. स्कीटमध्ये इटलीच्या एन्निओ फाल्कोनेही १५० पैकी १४९. चार वर्षांपूर्वी बार्सिलोनात ट्रॅपचे सुवर्ण २२५ पैकी २१९ गुणांवर गेले होते. यात सगळे श्रेय हलक्या काडतुसाला देणे बरोबर नाही. सराव वाढला होता, बंदुका सुधारल्या होत्या, स्पर्धेची रचनाही बदलली होती. पण छर्रे घटले म्हणून गुण घटले नाहीत, एवढे निर्विवाद.

याचे कारण समजून घ्यायला नेमबाजाच्या एका दिवसाचा हिशेब करू. ट्रॅपची पात्रता फेरी १२५ तबकड्यांची असते आणि प्रत्येक तबकडीला दोन बार मारण्याची मुभा असते. सरावाच्या दिवशी दोनशे बार सहज होतात. आता थोडे आकडे सांगतो. ते मी हातानेच काढले आहेत आणि ढोबळ आहेत, पण तुलनेला पुरेसे आहेत. ३.६ किलोची बंदूक आणि ३२ ग्रॅमचे जुने काडतूस घेतले, तर दर बाराला खांद्यावर येणारी ऊर्जा अठ्ठावीस ज्यूलच्या आसपास भरते. त्याच बंदुकीतून सेकंदाला ४०० मीटर वेगाचे २४ ग्रॅमचे काडतूस झाडले तर ती अठरा ज्यूलवर येते. अठरा ज्यूल म्हणजे एक किलोचे वजन पावणेदोन मीटरवरून पडावे तेवढी ऊर्जा. ती दस्त्याच्या रुंदीवर पसरते म्हणून हाड मोडत नाही, पण दिवसातून दोनशे वेळा ती येते. शंभराव्या बारानंतर माणसाचे शरीर, त्याला न विचारता, स्वतःचा बचाव करू लागते.

हा बचावच नेमबाजाचा घात करतो. चाप ओढायच्या क्षणभर आधी डोळे मिटतात, खांदा आखडतो, गाल दस्त्यावरून उचलला जातो. बंदूक सुटण्याच्या आधीच माणूस दचकलेला असतो. छर्ऱ्यांच्या बंदुकीला मागची माशी नसते, नेमबाजाचा डोळा हीच मागची माशी. गाल उचलला म्हणजे डोळा वर गेला आणि डोळा वर गेला की छर्रे तबकडीच्या वरून गेले. प्रशिक्षक हे दचकणे ओळखायला एक जुनी युक्ती वापरतात. नेमबाजाला न सांगता अधूनमधून खोटे काडतूस भरायचे. चाप ओढला, बार झाला नाही, आणि तरी नळीने हिसका खाल्ला तर समजायचे. ही सवय लागायला आठवडा पुरतो, जायला वर्षे लागतात. कित्येकांची जात नाहीच.

आता मुलांकडे वळू. मागे एका पालकांनी मला विचारले होते, "मुलगी तेरा वर्षांची आहे, ट्रॅप शिकायचे म्हणते. मोठी बंदूक झेपणार नाही, म्हणून वीस बोअरची हलकी बंदूक बघतोय. बरोबर ना?" मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, त्यामुळे अशा प्रश्नाला उत्तर देण्याआधी मी कागद-पेन्सिल घेतो. हलकी बंदूक म्हणजे हलका धक्का, ही या खेळातली सर्वांत गोड आणि सर्वांत खोटी समजूत आहे. २.६ किलोच्या वीस बोअरच्या बंदुकीतून तेच २४ ग्रॅमचे वेगवान काडतूस झाडले, तर धक्का पंचवीस ज्यूलपर्यंत जातो. म्हणजे ज्या ओझ्यातून मोठ्या माणसांना नियमाने सोडवले, जवळजवळ तेवढेच ओझे आपण प्रेमाने पोरीच्या खांद्यावर ठेवतो. ग्रीनरच्या भाषेत सांगायचे तर ऑलिंपिकमधल्या दणकट गड्याची बंदूक आज त्याच्या छर्ऱ्यांच्या दीडशे पट जड असते आणि या मुलीची जेमतेम एकशेआठ पट. मला हे अन्यायाचे वाटते, आणि तो कोणी मुद्दाम केलेला नसतो म्हणून अधिकच डाचतो.

४१० बोअरचे तर विचारूच नका. दिसायला ती खेळण्यासारखी, आवाज लहान, म्हणून मुलांना तीच देण्याची पद्धत अनेक देशांत आहे. धक्का खरोखर कमी असतो, पण काडतुसात १४ ते १९ ग्रॅमच छर्रे, तेही बारीक नळीत उंच चळत करून बसवलेले. ते नळीला घासतात, मागेपुढे लांबतात, विरळ होतात. तबकडी फुटत नाही. मूल दहा बार मारते, एकही तुकडा उडत नाही, आणि आपल्याला जमत नाही असे ठरवून मोकळे होते. ४१० ही कसलेल्या माणसाची बंदूक आहे.

मग द्यायचे काय? बंदूक मुलाला पेलेल तेवढी जड आणि काडतूस तबकडी फोडेल तेवढे हलके. ही दोन टोके जिथे भेटतील ती जागा शोधायची. इंग्लंडमध्ये क्लबांत शिकाऊ मुलांसाठी २१ ग्रॅमची बारा बोअरची काडतुसे मिळतात. २४ ग्रॅमचीही दोन प्रकारची असतात, स्पर्धेची वेगवान आणि सरावाची संथ. वेगाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग एक-दशांशाने उतरवला तर धक्का जवळजवळ एक-पंचमांशाने उतरतो. संथ छर्रे तबकडीमागे पडतील ही भीती असते. पस्तीस मीटरवर हा फरक वीतभराहून कमी आणि छर्ऱ्यांचा झुबका तिथे हातभर रुंद किंवा अधिक पसरलेला. २१ ग्रॅमचे, सेकंदाला ३६५ मीटरच्या आसपासचे काडतूस त्या २.६ किलोच्या बंदुकीतून झाडले, तर धक्का सोळा ज्यूलवर येतो. मोठ्या नेमबाजाला बसतो त्याहून किंचित कमीच. आणि मूल तीन किलोंची बारा बोअर पेलू शकत असेल, तर आणखी चांगले.

छर्रे किती राहिले म्हणाल, तर २.४ मिलिमीटरचे सुमारे तीनशे छर्रे २४ ग्रॅममध्ये बसतात. २१ ग्रॅममध्ये ते दोनशेसाठच्या आसपास राहतात. शिकाऊ मुलाला सोप्या, जवळून जाणाऱ्या तबकड्या टाकतात, तिथे हे पुरून उरतात.

आणखी दोन-तीन गोष्टी काडतुसाच्या खोक्यावर छापलेल्या नसतात. वायूच्या दाबावर आपोआप पुढचे काडतूस भरणारी बंदूक धक्का लांबवते, त्यामुळे तो ठोशासारखा न लागता ढकलल्यासारखा लागतो. मुलांना ती मानवते. पण फार हलक्या काडतुसात ती भरण्याइतका जोर नसतो आणि मधेच अडकते, तेव्हा आधी दहा बार मारून पाहिल्याशिवाय पेट्या विकत घेऊ नयेत. दस्ता लांब असेल तर मूल मागे झुकते आणि धक्का खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर बसतो. मग २१ ग्रॅमचेही काडतूस निळे डाग उठवते. दस्ता कापून आखूड करायला सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम लागते आणि कापलेला तुकडा जपून ठेवला तर मूल वाढल्यावर परत जोडता येतो. आणि कान! बाराचा आवाज १५० डेसिबलच्या वर असतो. मुले ज्याला धक्का म्हणतात, त्यातला अर्धा पुष्कळदा आवाज असतो. कानात बोळे आणि वर कानपट्टे असे दोन्ही घातले, की तेच काडतूस त्यांना 'हलके' वाटू लागते.

शक्तीचा आणि या खेळाचा संबंध किती थोडा आहे, याचा पुरावा बार्सिलोनात मिळाला होता. १९९२ मध्ये स्कीटची स्पर्धा स्त्री-पुरुषांना खुली होती. चीनच्या झांग शान या चोवीस वर्षांच्या मुलीने पहिल्या दोनशे तबकड्यांपैकी दोनशे फोडल्या आणि पुरुषांना मागे टाकून सुवर्ण नेले. पुढच्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांची झाली. बायकांसाठी ती २००० मध्ये सिडनीला वेगळी आली. या निर्णयावर मी अधिक काही बोलत नाही. त्याच १९९६च्या अटलांटात अमेरिकेची किम ऱ्होड सतराव्या वर्षी डबल ट्रॅपचे सुवर्ण घेऊन गेली. ती चोवीस ग्रॅमच्या पहिल्या ऑलिंपिकमधली विजेती.

आपल्याकडे हा खेळ संस्थानिकांच्या शिकारखान्यातून आला. बिकानेरचे महाराजा करणी सिंह १९६० ते १९८० या काळात पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचे रौप्य मिळवले. त्यांची मुलगी राज्यश्री कुमारी अगदी लहानपणी एअर रायफलने सुरुवात करून छर्ऱ्यांच्या बंदुकीकडे आली आणि तिला १९६८चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती. ज्या घरात बंदुका डझनांनी आणि बंदूककार हाताशी, तिथे मुलीच्या मापाचा दस्ता करून घेणे अवघड नव्हते. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपचे रौप्य जिंकले आणि हा खेळ संस्थानांबाहेरच्या घरांत पोचला. २०२४ मध्ये पॅरिसला अनंतजितसिंह नरुका आणि महेश्वरी चौहान यांचे स्कीटच्या मिश्र स्पर्धेतले कांस्य एका तबकडीने हुकले. ४४ विरुद्ध ४३. पण महाराष्ट्रातून या खेळात अजून रायफलीसारखी रांग लागलेली नाही.

त्यामागे पैसा आहे हे उघड आहे. एअर रायफलचा छर्रा काही पैशांचा किंवा रुपया-दोन रुपयांचा, आणि काडतूस एकदा उडाले की त्याचे शिसे, प्लॅस्टिक आणि पितळी टोपी यांची किंमत संपली. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची काडतुसे पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आली. शिकारी आणि शेतकरी त्यांना 'केएफ' म्हणूनच ओळखत. ती रानडुकरासाठी, राखणीसाठी. स्पर्धेचे नेमबाज बहुतेक परदेशी काडतुसांवर अवलंबून असतात, आणि जे मागवायचे ते अर्थातच स्पर्धेचे, २४ ग्रॅमचे, वेगवान. त्यामुळे शिकणाऱ्या मुलाच्या हातातही पहिल्या दिवशी तेच येते, कारण कपाटात तेच असते.

कायद्याची दारे मात्र बंद नाहीत. शस्त्र कायद्याने परवान्याचे वय एकवीस ठेवले असले, तरी प्रशिक्षणासाठी त्याहून लहानांना सवलत आहे आणि २०१६च्या शस्त्र नियमांत बारा वर्षांवरील कनिष्ठ नेमबाजांची वेगळी सोय केली आहे. त्या मुलीच्या वडिलांना मी दोन कामे सांगितली. क्लबच्या प्रशिक्षकांना पुढच्या मागणीत सरावाची संथ काडतुसे दोन पेट्या घालता येतील का ते विचारा, आणि बंदूक विकत घेण्याआधी मुलीला क्लबच्याच जड बंदुकीतून पंचवीस बार मारू द्या. सव्विसावा मारायला ती स्वतःहून उभी राहते का, ते बाजूला उभे राहून पाहा.